घोड्याचे नाव आणि माणसाचे भय

माणसाला नावाचे मोठे कौतुक असते. घरात मूल जन्मले की त्याचे बारसे होते आणि गोठ्यात वासरू जन्मले की त्यालाही कोणी तरी नाव ठेवतेच. बैलाला सर्जा, गाईला कपिला, कुत्र्याला मोती अशी नावे देऊन माणूस मुक्या प्राण्यांना आपल्या कुटुंबात सामावून घेतो. पुढे त्या नावाची त्याला इतकी सवय होते की, नाव निराळे आणि जनावर निराळे हे त्याच्या ध्यानातही राहत नाही. नावाविषयीच्या पुष्कळशा समजुतींचा उगम येथेच आहे.

इंग्लंड, अमेरिका वगैरे देशांतील घोडे पाळणाऱ्या लोकांत अशी एक जुनी समजूत आढळते. विकत घेतलेल्या घोड्याचे नाव कधी बदलू नये; बदलल्यास घोडा लंगडा होतो, आजारी पडतो किंवा स्वाराला पाडतो, असे ते मानतात. तिकडचे खलाशी जहाजाच्या नावाविषयी हेच सांगतात. नव्या मालकाला जुने नाव मुळीच रुचले नाही, तरी तो ते मुकाट्याने चालू ठेवतो. आपल्याकडे जनावर घेताना त्याच्या अंगावरचे भोवरे पाहून शुभाशुभ ठरवण्याची चाल आहे, त्यातलाच हा प्रकार होय.

ही समजूत खरी आहे काय? तिचा विचार शांतपणे केला पाहिजे. समजा, एका गृहस्थाने बाजारातून घोडा आणला व त्याचे नाव बदलले. महिनाभरात घोड्याच्या पोटात शूळ उठला. लगेच शेजारीपाजारी म्हणू लागतात, “नाव बदलले, त्याचे हे फळ!” परंतु घोड्याचे केवळ नावच बदललेले नसते. त्याचा तबेला बदललेला असतो, पाणी बदललेले असते, सोबतीचे घोडे सुटलेले असतात, खरारा करणारा हातही नवा असतो. घोड्याचे पोट फार नाजूक असते. त्याची वैरण आणि चंदी एकाएकी बदलली तर त्याला पोटशूळ होतो, हे पशुवैद्यांना पक्के ठाऊक आहे. खरा अपराध वैरणीचा. बोल मात्र नावाला लागतो!

शिवाय आणखी एक गोष्ट आहे. नाव बदलल्यावर जे घोडे धडधाकट राहिले, त्यांची गोष्ट कोणी कोणाला सांगत नाही. नाव न बदलताच जे घोडे लंगडे झाले, त्यांचाही हिशेब कोणी ठेवत नाही. समजुतीला जुळणारे तेवढे माणसाच्या लक्षात राहते आणि न जुळणारे तो सहज विसरून जातो. अशा एकतर्फी आठवणींवरच भोळ्या समजुती पोसल्या जातात.

तथापि, घोड्याचे नाव बदलण्याविषयी लोक साशंक असत, याला एक व्यावहारिक कारणही होते. शर्यतीच्या घोड्याचे नाव हे हाक मारण्यापुरते नसते. त्याचे आईबाप कोण, वय किती, त्याने शर्यती किती जिंकल्या, या साऱ्या गोष्टी त्या नावाखाली नोंदलेल्या असतात. इंग्लंडमध्ये अशा घोड्यांची वंशावळीची वही १७९१ सालापासून छापली जाऊ लागली. नाव बदलले की घोड्याचा पूर्वेतिहास झाकता येतो, हे लबाड लोकांनी लवकरच ओळखले.

१८४४ साली इंग्लंडातील डर्बी नावाच्या प्रसिद्ध शर्यतीत असाच एक प्रकार घडला. ही शर्यत केवळ तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असते. त्या वर्षी ‘रनिंग रेन’ या नावाने धावलेला घोडा पहिला आला. परंतु तो खरा ‘रनिंग रेन’ नव्हताच! ‘मॅकॅबियस’ नावाचा चार वर्षांचा घोडा त्याच्या नावावर धावला होता. त्या वयात एका वर्षाच्या अंतराने घोड्याच्या बळात पुष्कळ फरक पडतो. प्रकरण न्यायालयात गेले. घोड्याचे वय त्याच्या दातांवरून कळते. म्हणून घोडाच समोर आणा, असे न्यायाधीशांनी फर्मावले. तेव्हा घोडा नाहीसा झाल्याचे आढळले! अखेर दुसऱ्या क्रमांकाच्या ‘ऑर्लंडो’ या घोड्याला विजयी ठरवण्यात आले.

अशा लबाड्यांना आळा बसावा म्हणून पुढे नियम कडक झाले. अमेरिकेत शर्यतीच्या जातिवंत घोड्यांची नोंद ठेवणारी जी संस्था आहे, तिच्या नियमानुसार घोडा एकदा शर्यतीत धावला की त्याचे नाव बदलता येत नाही. हा नियम अपशकुनाच्या भीतीने केलेला नाही. नोंद चोख राहावी म्हणून केलेला आहे. नियम आणि भोळी समजूत या दोन्ही ‘नाव बदलू नका’ असेच सांगतात. परंतु नियमाचे कारण विचारता येते आणि तपासूनही पाहता येते. समजुतीचे कारण विचारले, तर ‘पूर्वीपासून असेच चालत आले आहे’ एवढेच उत्तर मिळते.

नावात नशीब असते असे मानणाऱ्यांनी ‘फार लॅप’ या घोड्याची कथा अवश्य ऐकावी. तो १९२६ साली न्यूझीलंडमध्ये जन्मला आणि ऑस्ट्रेलियात कीर्तीला चढला. वीज या अर्थाच्या एका आशियाई शब्दावरून त्याचे नाव सुचले होते. परंतु मेलबर्न येथील मोठी शर्यत जिंकणाऱ्या घोड्यांच्या नावांत बहुधा दोन शब्द व सात इंग्रजी अक्षरे असतात, अशी त्याच्या शिक्षकाची समजूत होती. म्हणून त्याने नावाचे स्पेलिंग बदलून बरोबर सात अक्षरे केली व त्यांचे दोन शब्द पाडले. हे भाग्यशाली नाव घेऊन घोडा पहिल्या शर्यतीत उतरला आणि सर्वांच्या शेवटी आला!

पुढे मात्र त्याने पराक्रम गाजवला. एकंदर ५१ शर्यतींपैकी ३७ त्याने जिंकल्या. मेलबर्नच्या त्या मोठ्या शर्यतीत तो १९२९ साली तिसरा आला, १९३० साली पहिला आला आणि १९३१ साली पाठीवर फार वजन लादल्यामुळे आठवा आला. तिन्ही वर्षी नाव तेच होते, अक्षरेही सातच होती. बदलले होते ते त्याचे वय, पाठीवरचे ओझे आणि प्रतिस्पर्धी घोडे. आणखी गंमत अशी की, तबेल्यात त्याला ‘फार लॅप’ अशी हाक कोणी मारीत नसे. तेथे तो ‘बॉबी’ होता. ज्या नावाचा हजारो लोक जयघोष करीत, त्या नावाची त्या मुक्या जिवाला काय क्षिती!

ज्याचे नाव खरोखरच बदलले, अशा प्राण्याचे उदाहरण पाहावयाचे, तर कोरियातील एका लहानशा तांबूस घोडीचे पाहावे. सोल शहराच्या शर्यतीच्या मैदानावर ती असे. तिचे नाव ‘आचिमहे’ होते. त्याचा अर्थ सकाळचा सूर्य. तिच्या तरुण मालकाच्या बहिणीचा पाय युद्धात सुरुंगाने गेला होता. तिला कृत्रिम पाय घेता यावा म्हणून त्याने १९५२ साली ही लाडकी घोडी २५० डॉलरांना अमेरिकी सैनिकांस विकली. सैनिकांनी तिचे नाव बदलून ‘रेकलेस’, म्हणजे बेपर्वा, असे ठेवले.

त्यांनी तिला दारूगोळा वाहण्याचे काम शिकवले. मार्च १९५३ मध्ये एका टेकडीसाठी घनघोर लढाई झाली. त्या लढाईत एका दिवसात या घोडीने दारूगोळ्याच्या ५१ खेपा केल्या. बहुतेक खेपांना तिच्याबरोबर माणूस नव्हता. भडिमार चालू असता ती एकटी टेकडी चढे आणि परत येताना जखमी सैनिकांना खाली घेऊन येई. तिला स्वतःला दोनदा जखमा झाल्या, परंतु तिने वाट सोडली नाही. सैन्याने तिला सार्जंटचा हुद्दा दिला, युद्धानंतर अमेरिकेला नेले आणि अखेरपर्यंत तिचा सांभाळ केला. ती १९६८ साली मरण पावली. नाव बदलल्याने तिचे धैर्य कमी झाले नाही. कारण ते नावात नव्हतेच. नव्या सोबत्यांनी तिला माया दिली, धीराने शिकवले, आपल्या ताटातले खाऊ घातले. त्या मायेमुळेच तिने त्यांच्यावर विश्वास टाकला.

मग प्राण्याच्या दृष्टीने नाव म्हणजे काय? तो एक ओळखीचा आवाज होय. त्या आवाजापाठोपाठ चंदी मिळते, पाठीवर हात फिरतो किंवा काम करावे लागते, हे प्राणी अनुभवाने शिकतो. मांजरासारखा आपल्या तंद्रीत राहणारा प्राणीदेखील आपले नाव ओळखतो. पाळीव मांजरे आपले नाव आणि तशाच लांबीचे इतर शब्द यांतील भेद जाणतात, हे जपानमधील संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले. नव्या नावाची सवयही प्राण्याला याच रीतीने लागते. काही दिवस जुने व नवे नाव लागोपाठ उच्चारावे, आवाज सौम्य ठेवावा, प्राण्याने मान वळवली की त्याला खाऊ द्यावा. मग हळूहळू जुने नाव सोडावे. आपल्याकडील शेतकरी बाजारातून आणलेल्या बैलाला रंगावरून ढवळ्या किंवा पवळ्या म्हणू लागतो आणि थोड्याच दिवसांत तो बैल त्या हाकेला कान टवकारतो.

तरीही एक प्रश्न उरतो. नाव बदलल्यावर घोडा खरोखरच बिथरला, असे काही प्रामाणिक माणसे सांगतात. ती सर्वच खोटे बोलतात काय? तसे मानण्याचे कारण नाही. घोडा हा कळपात राहणारा, चाहूल लागताच पळ काढणारा प्राणी आहे. एक घोडा दचकला की सारा कळप सावध होतो. माणसाच्या सहवासात घोडा माणसाच्याही अंगावरची भीती ओळखू लागतो.

स्वीडनमधील संशोधकांनी यासंबंधी एक मार्मिक प्रयोग केला व तो २००९ साली प्रसिद्ध केला. माणसांनी घोड्याला ठरलेल्या वाटेने चार वेळा न्यावयाचे होते. कोणी लगाम धरून चालले, कोणी पाठीवर बसले. चौथ्या खेपेला वाटेत एकदम छत्री उघडली जाईल, असे त्यांना सांगण्यात आले. घोडा आता बुजणार, या विचाराने त्यांच्या छातीत धडधडू लागले. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरीसुद्धा त्या खेपेला माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांच्याही हृदयाचे ठोके वाढले! घोड्यांना छत्रीची वार्ताही नव्हती. भय होते ते माणसाच्या मनात, आणि तेथून ते घोड्यापर्यंत पोहोचले.

आता नाव बदलल्यावर अपशकुनाच्या धास्तीने घोड्यावर बसणाऱ्या स्वाराची कल्पना करावी. त्याचे हात ताठ होतात, लगाम उगाच खेचला जातो, आवाजात कंप येतो. घोड्याला वाटते, आसपास काही तरी संकट आहे. आणि तो बिथरतो. स्वार धुळीत पडल्यावर म्हणतो, “पाहा, समजूत खरी ठरली!” वस्तुतः समजूत खरी नव्हती, त्याच्या भयाने ती खरी करून दाखवली.

प्राचीन काळच्या एका प्रसिद्ध घोड्याची हकीकत येथे आठवते. ब्यूसेफॅलस नावाचा तो घोडा कोणालाच आवरत नसे. तो द्वाड आहे, निरुपयोगी आहे, असे सर्वांनी ठरवून टाकले. लहानग्या सिकंदराने मात्र त्याच्याकडे नीट पाहिले. घोडा जमिनीवर हलणाऱ्या आपल्याच सावलीला भितो आहे, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने घोड्याचे तोंड सूर्याकडे वळवले, त्याला चुचकारले आणि मग तो त्याच्यावर स्वार झाला. प्लूटार्क या ग्रीक चरित्रकाराने ही हकीकत लिहून ठेवली आहे. पुढे याच घोड्याने सिकंदराला झेलमच्या तीरापर्यंत साथ दिली.

इतरांनी दोष घोड्याच्या स्वभावाला दिला. सिकंदराने कारण शोधले. जनावर लंगडू लागले तर त्याचा खूर तपासावा, ते खाईनासे झाले तर वैरण आणि दात पाहावेत, बुजू लागले तर कशाला भिते ते पाहावे. नावाला दोष देऊन स्वस्थ बसणाऱ्याच्या घोड्याच्या खुरात रुतलेला खिळा तसाच राहतो आणि त्याची वेदना त्या मुक्या प्राण्याला सोसावी लागते. प्राण्याला आपले दुःख बोलून दाखवता येत नाही. म्हणून ते ओळखण्याची जबाबदारी त्याला पाळणाऱ्यावर असते. नाव जुने असो वा नवे, ते मायेने उच्चारावे आणि हाकेला धावून येणाऱ्या त्या जिवाकडे डोळे उघडून पाहावे, यातच त्याचे आणि आपलेही कल्याण आहे.