मुखत्यारपत्र रद्द केले, पण कळले कोणाला?

कुलमुखत्यारपत्र रद्द करण्याचा अधिकार मालकाला असतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. ते रद्द झाले असे कधी धरायचे, हे मात्र ठाऊक नसते, आणि मुखत्यार नेमलेला पुतण्या किंवा मेहुणा नेमका इथेच हात साफ करतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 208 म्हणते की मुखत्यारापुरता अधिकार संपतो तो त्याला कळल्यावर, आणि तिऱ्हाइतापुरता त्या तिऱ्हाइताला कळल्यावर. चार माणसांत कागद फाडला तरी ज्याच्या कानावर काहीच नाही अशा खरेदीदाराशी झालेला व्यवहार मालकाच्या गळ्यात पडू शकतो. आणि मुखत्यारपत्राच्या मालमत्तेत त्या नातेवाइकाचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला असेल, तर कलम 202 मुळे ते एकतर्फी रद्दही करता येत नाही.

तलासरी तालुक्यातल्या उधव्यासारख्या गावात हा प्रश्न आता महागात पडणारा आहे. बुलेट ट्रेन आणि मुंबई–वडोदरा महामार्गामुळे डहाणू-तलासरीत जमिनीचा मोबदला हा घरोघरचा विषय झाला. कोणी म्हणेल, आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीविना विकताच येत नाही, जमीन महसूल संहितेचे कलम 36-अ आहे, मग भीती कसली? कलम मोलाचे खरेच. पण ते घेणारा कोण हे बघते. घेणाराही आदिवासी असला तर ते आडवे येत नाही, आणि मालकाच्या नावाने मोबदल्याच्या कागदांवर सही करणे ही तर विक्रीच नव्हे.

म्हणून रद्दपत्र नोंदवावे आणि त्याची प्रत पोचपावतीसह नातेवाइकाला, दुय्यम निबंधकाला, बँकेला, भूसंपादन कार्यालयाला आणि तलाठ्याला (पदनाम बदलले, तोंडी तलाठीच) पोचवावी. लबाडी त्याची आणि खेटे मी का घालायचे, हा राग रास्त आहे. पण सद्भावनेने पैसे मोजणाऱ्यालाही कायद्याला सांभाळावे लागते, आणि पोचपावतीचा दुसरा उपयोग मोठा आहे. मुखत्यार दस्त नोंदवायला येतो तेव्हा त्याच्याकडून घोषणापत्र घेतात: मुखत्यारपत्र रद्द झालेले नाही, लिहून देणारा हयात आहे. नोटीस हाती पडल्यानंतरच्या तारखेची त्यावरची सही म्हणजे जाणूनबुजून खोटे निवेदन. नोंदणी कायद्याच्या कलम 82 खाली त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नात्यात पोलीस नकोत म्हणणाऱ्यांनीही एवढे बघावे की नोटीस म्हणजे फिर्याद नव्हे.

मुखत्यारपत्रावरूनच जमीन आपली झाली, असे तो म्हणू लागला तर 2011 चा सूरज लॅम्प निकाल पुरे. असल्या कागदाने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. खरेदीखत होऊनच गेले असेल तर मात्र सातबाऱ्यावरच्या फेरफाराला हरकत घेऊन भागत नाही, गुन्हा नोंदवूनही नाही. खत दिवाणी न्यायालयातच रद्द करून घ्यावे लागते, आणि त्याची मुदत खरी गोष्ट कळल्यापासून तीन वर्षे आहे.