गादी, मूर्ती आणि स्वेटर

दिवाळी उलटली की आमच्या पिंपरीत रस्त्याच्या कडेला बांबू रोवले जातात, वर ताडपत्री चढते आणि दोन दिवसांत आतल्या दोऱ्या स्वेटर, जाकिटं, कानटोप्यांच्या वजनानं वाकून जातात. चाकणला पहिल्या पाळीला जाणारी पोरं इथूनच जाकीट घेतात. लातूरचा असो की बिहारचा, पहाटे अंधारात कंपनीच्या बसची वाट बघत उभं राहायचं तर ते लागतंच. मागच्या थंडीत मी तिथं हातमोजे बघत होतो. भाव जरा चढा वाटला म्हणून म्हटलं, "मावशी, थोडं कमी करा की."

मावशी तिबेटी. अंगात पायघोळ चुपा, कमरेला रंगीत पट्ट्यांचं वस्त्र. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एकच भाव आहे जी भाऊ. लुधियान्याहून उधारीवर आणतो आम्ही माल."

'जी भाऊ' ऐकलं आणि माझा हात मोज्यांवरच थांबला. हा सूर पार भंडारा-गोंदियाकडचा. विचारलं तर मावशी गोठणगावच्या निघाल्या. जन्म तिथलाच. तिबेट पाहिलं होतं ते त्यांच्या आईनं. त्यांच्या डोक्यामागं, जाकिटांच्या वर, एक फोटो टांगलेला होता आणि त्याला मानाचा पांढरा रेशमी पट्टा, खाता, घातलेला होता. चष्मा, मुंडण केलेलं डोकं, ओळखीचं हसू. चौदावे दलाई लामा, तेन्झिन ग्यात्सो.

हातमोजे घेऊन घरी आलो, पण एक प्रश्न मागं लागला. ६ जुलै २०२५ ला या माणसाला नव्वद वर्षं पूर्ण झाली. ज्या देशासाठी आयुष्य घातलं तो देश त्यांना परत मिळालेला नाही. मग त्यांच्या आयुष्याचं मोजमाप कशानं करायचं? गोठणगावात जन्मलेल्या, पिंपरीत स्वेटर विकणाऱ्या, झाडीपट्टीच्या सुरात बोलणाऱ्या या बाईला त्यांनी नेमकं काय दिलं?

१७ मार्च १९५९ च्या रात्री ल्हासाच्या नोर्बुलिंगका राजवाड्यातून एक तेवीस वर्षांचा तरुण सैनिकाच्या वेशात बाहेर पडला. चष्मा काढलेला, खांद्याला बंदूक. बाहेर हजारो तिबेटी चिनी सैन्यापासून त्याच्या रक्षणासाठी दिवसरात्र बसून होते, आणि तो त्यांच्यातूनच निघून गेला. दोन आठवड्यांनी, ३१ मार्चला, आमांशानं बेजार अवस्थेत, झो नावाच्या याक आणि गायीच्या संकरातल्या जनावरावर बसून तो तवांगच्या बाजूनं भारतात शिरला. त्याच्यामागून सुमारे ८०,००० माणसं आली. पोतालाच्या हजार खोल्यांच्या महालात वाढलेला हा तरुण त्यानंतर आजतागायत ल्हासाला गेलेला नाही.

या तरुणात त्याचे लोक देव पाहत आले. जिवंत माणसात देव पाहणं ही हिमालयापलीकडची नवलाई वाटत असेल, तर आपल्या चिंचवडला पवनेच्या काठी जाऊन उभं राहावं. तिथं मोरया गोसावींची समाधी आहे. गणपतीनं त्यांना वर दिला, की तुझ्या घराण्यात मी सात पिढ्या राहीन, अशी श्रद्धा. म्हणून त्यांच्या वंशजांना 'देव' म्हणू लागले, आणि तेच पुढं आडनाव झालं. पेशवाईच्या अखेरीस एडवर्ड मूर नावाचा एक इंग्रज कप्तान या जिवंत देवाची हकीकत ऐकून इतका चकित झाला, की त्यानं त्यावर लिहिलेला लेख १८०१ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापला गेला. १८१० च्या सुमारास धरणीधर देव निपुत्रिक वारले आणि ती सरळ परंपरा थांबली. देवस्थान मात्र आहे. भाद्रपदात आणि माघात पालखी आजही मोरगावला जाते. लहानपणी मी ती पालखी पाहिली आहे. तेव्हा मनात कधी आलं नाही, पण आज येतं. देव ज्या घराण्यात राहतो ते घराणं संपलं, तर भक्तांनी काय करायचं? चिंचवडनं याचं उत्तर देऊन दोनशे वर्षं झाली. गादीभोवती व्यवस्था उभी होती, तिनं पुढं चालवलं.

तिबेटातली रीत वेगळी. तिथं गादी रक्तानं चालत नाही, पुनर्जन्मानं चालते. बौद्ध विचारात आत्मा नाही, मग पुनर्जन्म कोणाचा? तिबेटी आचार्य सांगतात, चित्ताचा प्रवाह अखंड असतो, आणि करुणेनं भरलेला माणूस पुढचा जन्म कुठं घ्यायचा ते स्वतः ठरवू शकतो. असा जन्म घेणाऱ्याला तुल्कू म्हणतात. गुरू गेले की शिष्य खुणा शोधत फिरतात, लहान मुलांपुढं जुन्या गुरूंची माळ, काठी, डमरू ठेवतात आणि मूल काय उचलतं ते बघतात. चौदावे दलाई लामा असेच आमदोतल्या ताक्त्सेर या खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घरी सापडले. 'दलाई' हा मुळात मंगोल शब्द, अर्थ समुद्र. मंगोल राजा अल्तान खानानं १५७८ मध्ये तिसऱ्या लामांना ही पदवी दिली. चौथे तर मंगोलियातच जन्मले, आणि सहावे तवांगजवळ, म्हणजे आजच्या भारतात. १६४२ पासून, पाचव्या दलाई लामांच्या काळापासून, या गादीकडे धर्म आणि राज्य दोन्ही आले.

या पद्धतीत एक मोठी भेग आहे. एक लामा गेल्यावर दुसरा सापडून मोठा होईपर्यंत पंधरा-वीस वर्षं जातात. तेवढा काळ राज्य कारभाऱ्यांच्या हाती, आणि कारभाऱ्यांच्या हाती राज्य गेल्यावर काय होतं हे पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. नववे ते बारावे असे सलग चार दलाई लामा ऐन लहानपणी किंवा तरुणपणी वारले. चौदाव्यांच्या हाती राज्य आलं ते १७ नोव्हेंबर १९५० ला, पंधराव्या वर्षी, आणि तेही चीनचं सैन्य सरहद्द ओलांडून आत आलं होतं म्हणून.

मला थक्क करते ती पुढची गोष्ट. ज्याला लोक करुणेच्या बोधिसत्त्वाचं, अवलोकितेश्वराचं रूप मानतात, तो माणूस परक्या देशात आल्यावर आपलीच सत्ता कमी करायला बसला. भारतात येऊन दीड वर्ष झालं नव्हतं तोच, २ सप्टेंबर १९६० ला, निर्वासितांच्या पहिल्या लोकप्रतिनिधींनी शपथ घेतली. १९६३ मध्ये राज्यघटनेचा मसुदा आला. त्यात एक कलम होतं, की दोन-तृतीयांश लोकप्रतिनिधींनी ठरवलं तर दलाई लामांचे अधिकार काढून घेता येतील. लोक हादरले. देवाला पायउतार कसं करायचं? ते कलम राहू दे, असा आग्रह खुद्द दलाई लामांनी धरला. २००१ मध्ये लोकांनी पहिल्यांदा थेट मतदानानं आपला मुख्य कारभारी निवडला. १० मार्च २०११ ला दलाई लामांनी जाहीर केलं, की राजकीय अधिकार आता पूर्णपणे सोडतो. सभागृहानं परोपरीनं विनवलं, ते ऐकेनात. त्याच वर्षी ८ ऑगस्टला लोबसांग सांगे यांनी सूत्रं घेतली. निर्वासितांच्या घरात जन्मलेला, हार्वर्डला कायदा शिकलेला हा माणूस सुमारे ५५ टक्के मतं घेऊन निवडून आला होता. साडेतीनशेहून जास्त वर्षांची सत्ता कोणी हिसकावून न घेता सुटली.

या राज्याला जमीन नाही, तरी ४५ जणांचं सभागृह आहे. तिबेटच्या तिन्ही प्रांतांचे दहा-दहा, चार बौद्ध पंथ आणि बोन धर्म यांचे दोन-दोन, आणि परदेशांत राहणाऱ्यांचे पाच. भिक्खूला प्रांताचं एक आणि पंथाचं एक अशी दोन मतं पडतात, हे मला पटत नाही, आणि कित्येक तिबेटी तरुणांनाही पटत नाही. पण वाद घालायला जागा आहे, आणि ती त्यांच्या आजोबांना नव्हती.

जुन्या तिबेटाचं सोनेरी चित्र रंगवणाऱ्यांशी मी सहमत नाही. तिथली जमीन मठांची, सरदारांची आणि सरकारची होती. कसणारा त्या जमिनीला बांधलेला होता आणि वेठबिगार चालत असे. वतनदारी पाहिलेल्या मराठी माणसाला हे लगेच समजतं. पुढं साठच्या दशकात तिबेटी बंडखोरांना अमेरिकेच्या सीआयएनं पैसे आणि शस्त्रं पुरवली. अहिंसेचा पुरस्कर्ता त्या वेळी काय करत होता, हा प्रश्न विचारायलाच हवा. १९७४ मध्ये नेपाळच्या मुस्तांगमधल्या लढवय्यांना शस्त्रं खाली ठेवायला सांगणारा त्यांचा ध्वनिमुद्रित निरोप गेला. काहींनी तो ऐकून शस्त्रं ठेवली, काहींनी जीव दिला. दोर्जे शुगदेन या देवतेच्या उपासनेला त्यांनी विरोध केला, तेव्हा त्यांच्याच अनुयायांत फूट पडली. २०२३ मध्ये एका लहान मुलाबरोबरच्या वागण्याबद्दल त्यांच्या कार्यालयाला माफी मागावी लागली. १९८८ पासून ते स्वातंत्र्याऐवजी चीनच्या चौकटीतली खरी स्वायत्तता मागत आले. चर्चेच्या फेऱ्या २०१० मध्ये थांबल्या. २००९ पासून दीडशेहून जास्त तिबेट्यांनी स्वतःला पेटवून घेतलं. या मधल्या मार्गानं काय मिळालं, असं चिडून विचारणारा तिबेटी तरुण चुकतो असं म्हणायची माझी हिंमत नाही.

चिंचवडहून लोणावळा लोकल पकडली की आकुर्डी आणि मग देहूरोड. या दुसऱ्या स्टेशनाजवळ बुद्धविहार आहे. २५ डिसेंबर १९५४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची तिथं प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा अजून दोन वर्षं होती. आजही दरवर्षी त्या दिवशी देहूरोडला माणसांची रीघ लागते. बाबासाहेबांच्या धम्मात अवताराला थारा नाही, आणि पुनर्जन्म घेऊन येणाऱ्या लामाची गादीही नाही. ग्रंथ आहे, प्रतिज्ञा आहेत आणि एकमेकांना धरून राहणारी माणसं आहेत. १९५६ च्या नोव्हेंबरात बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षासाठी तरुण दलाई लामा दिल्लीला आले होते. डिसेंबर लागला तेव्हा बाबासाहेबही दिल्लीतच होते, आणि ६ डिसेंबरला ते गेले. एकाच शहरात, त्याच दिवसांत, बुद्धाकडे जाणाऱ्या दोन अगदी वेगळ्या वाटा होत्या. त्या दोन्ही वाटा माझ्या घरापासून लोकलच्या एका तिकिटाच्या अंतरावर येऊन पोचल्या, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

बाबासाहेबांच्या मागं त्यांच्या गादीवर कोणी बसलं नाही, बसायचंच नव्हतं. तरी देहूरोडची गर्दी ओसरली नाही. मला वाटतं, दलाई लामांना तोलायचं ते याच तराजूत. ते गेल्यावर किती आसवं गाळली जातील याला फार अर्थ नाही. त्यांच्या मागं काय चालू राहील, ते बघायचं.

शाळा चालू राहतील. ल्हासा सोडून वर्ष होतं न होतं तोच, मार्च १९६० मध्ये मसुरीला पहिली तिबेटी शाळा उघडली, कारण मुलं आईबापांबरोबर डोंगरात रस्त्याची खडी फोडत होती आणि मरत होती. २०१६ मध्ये वीस भिक्खुणींना गेशेमा ही सर्वोच्च पदवी मिळाली, जी तोवर तिबेटी भिक्खुणींना मिळत नसे. आणि गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात १९७२ मध्ये वसलेली ही तिबेटी वसाहत. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. बर्फातल्या माणसांनी विदर्भाच्या उन्हात धान लावायला शिकून घेतलं आणि थंडीत स्वेटरांचे गठ्ठे घेऊन ती गावोगाव निघाली.

पुढच्या लामाचं काय, हा पेच मोठा आहे. चीननं २००७ मध्ये नियम केला, की सरकारी मंजुरीशिवाय पुनर्जन्म मान्य होणार नाही. परंपरेनं दलाई लामांच्या ओळखीत ज्यांचा शब्द वजनाचा, त्या पंचेन लामांच्या जागी १९९५ मध्ये दलाई लामांनी सहा वर्षांच्या गेधुन चोक्यी न्यिमाला मान्यता दिली, आणि काही दिवसांतच ते मूल चिनी अंमलाखाली नाहीसं झालं. जगाला ते पुन्हा दिसलेलं नाही. २ जुलै २०२५ ला दलाई लामांनी सांगितलं, की परंपरा चालू राहील आणि पुढचा लामा ओळखायचा अधिकार गादेन फोद्रांग न्यासाचाच. म्हणजे उद्या दोन लामा असतील, एक बीजिंगचा आणि एक लोकांचा, हे जवळजवळ ठरलेलंच दिसतं.

संक्रांतीच्या आत मी परत त्या ताडपत्रीखाली गेलो, मुलीला स्वेटर घ्यायचा होता. गिऱ्हाईक कमी होतं म्हणून मावशींना विचारलंच, "हे गेल्यावर तुमचं कसं होणार?" त्यांनी फोटोकडे बघून हात जोडले. मग गल्ल्याच्या डब्याखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक छोटं हिरवं पुस्तक काढलं. निर्वासित तिबेट्यांचं हे पुस्तक १९७२ पासून चालत आलंय. दरवर्षी आपल्या निर्वासित सरकारला स्वेच्छेनं वर्गणी भरायची, तिची त्यात नोंद होते, आणि ते दाखवल्याशिवाय मत देता येत नाही. मावशींनी एकेक पान उलटून दाखवलं. एकही वर्ष रिकामं नव्हतं.

"मुलगी बंगळुरूला नर्स आहे जी," त्या म्हणाल्या, "तिचंही भरलेलं आहे." पुस्तक परत पिशवीत गेलं, पिशवीला रबर लागला. मग त्यांनी आकडीनं वरचा एक लाल स्वेटर खाली ओढला आणि विचारलं, "केवढी आहे पोरगी?"