मैदान कोणाचे, हिशेब कोणाकडे?

क्रीडामंडळाने आपल्या मैदानाचे नूतनीकरण करावयाचे ठरविले, की ती वार्ता सामान्यतः आनंदाचीच मानली जाते. नव्या गॅलऱ्या, विजेचे झोत, पक्के कुंपण यांना विरोध तो कोण करील? परंतु आराखडा कोणी ठरविला, पैसा कोणत्या अटीवर आला आणि त्याच्या मोबदल्यात मैदानाचा कोणता भाग कोणाच्या हाती गेला, हे प्रश्न उद्घाटनाची फीत कापली जाईपर्यंत कोणी विचारीत नाही. पुढे ते विचारून उपयोग नसतो.

या बाबतीत मुंबईचा इतिहास उद्बोधक आहे. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे ब्रेबर्न स्टेडियम १९३७ मध्ये उभे राहिले. मैदान क्लबचे आणि सामन्यांचे यजमानपद बाँबे क्रिकेट असोसिएशनचे, अशी तेथील व्यवस्था होती. प्रेक्षकांच्या जागांची वाटणी कशी व्हावी, यावरून दोन्ही संस्थांत वाद विकोपाला गेला. तेव्हा असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम उभारले. विदर्भातून आलेले हे गृहस्थ त्या वेळी विधानसभेचे अध्यक्षही होते. जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. ब्रेबर्नवर मात्र १९७३ नंतर कसोटी सामना झाला तो थेट २००९ मध्ये. जागांच्या वाटणीचा तंटा सुटला नाही, म्हणून एका शहराने एकाच कामासाठी दोनदा भांडवल गुंतविले.

पुढे २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडे स्टेडियमचीच पुनर्बांधणी झाली. आसने अधिक ऐसपैस झाली, डोक्यावर छप्पर आले. परंतु प्रेक्षकक्षमता सुमारे ४५,००० वरून ३३,००० वर आली. सुखसोयींसाठी काही आसने सोडावी लागणे समजण्यासारखे आहे. प्रश्न आहे तो सोडलेला वाटा कोणाचा, हा. अंतिम सामन्याच्या वेळी संलग्न क्लब आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद यांचे वाटे बाजूला काढल्यावर सर्वसामान्यांच्या विक्रीसाठी उरली ती अवघी ४,००० च्या आसपास तिकिटे. नकाशावर आखलेली रेघ शेवटी कोणाच्या तरी पदरात जागा टाकते आणि कोणाच्या तरी पदरातून ती काढून घेते, हेच खरे.

मुंबईच्या या कथेचा मंगरूळपीरशी संबंध काय, असे कोणी विचारील. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये असे मांडले, की संस्थेच्या कारभाराने असमाधानी झालेल्या माणसापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात : बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. मुंबईतील असोसिएशनला पहिला मार्ग परवडला; तिने दुसरे स्टेडियम बांधले. तालुक्याच्या गावी सकाळी पोलीसभरतीसाठी धावणारी मुले आणि सायंकाळी कबड्डी, खो-खो खेळणारे विद्यार्थी यांनी मैदान सोडून जावे कोठे? जेथे पर्याय नाही, तेथे आवाज हाच एक मार्ग उरतो. आणि माहितीवाचून उठविलेला आवाज म्हणजे केवळ कुरकुर.

कायदा येथे काही प्रमाणात साह्य करतो. अशा अनेक मंडळांची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याबरोबरच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही झालेली असते. या दुसऱ्या कायद्यानुसार हिशेबांची तपासणी बंधनकारक आहे आणि कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून विश्वस्त संस्थेची जमीन विकता येत नाही. इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येत नाही. परंतु हिशेबतपासणी होते ती खर्चानंतर. मैदानाचे भवितव्य ठरते ते खर्चापूर्वी. रस्त्याकडेला दुकानगाळे काढावेत आणि त्यांच्या अनामतीतून गॅलरी बांधावी, ही कल्पना वरवर मोठी व्यवहारी दिसते. पण अनामत ही एकदाच हाती येणारी आणि कधीतरी परत करावयाची रक्कम आहे. मैदानाची गेलेली पट्टी मात्र परत येत नाही.

‘सगळेच चव्हाट्यावर मांडले तर कामे होणार कशी?’ असा कार्यकर्त्यांचा आक्षेप असतो. वेळ आणि श्रम खर्चून संस्था चालविणाऱ्यांची ही अडचण अगदीच खोटी नव्हे. परंतु सभासद प्रत्येक विटेचा हिशेब मागत नाहीत. खेळाचे क्षेत्रफळ आज किती व उद्या किती, हे दाखविणारा नकाशा. अंदाजपत्रक आणि आलेल्या निविदांचा तुलनात्मक तक्ता. देणगीदार व भाडेकरू यांच्याशी ठरलेल्या अटी. आणि काम चालू असताना खेळाडूंची सोय कोठे, याची माहिती, एवढे चार कागद सर्वसाधारण सभेच्या महिनाभर आधी सोप्या मराठीत फलकावर लावले तरी पुष्कळ झाले. त्यासाठी निधी लागत नाही, इच्छा लागते.

सभासदांनीही वर्गणी भरली की कर्तव्य संपले, असे मानू नये. गणपूर्तीअभावी तहकूब होणाऱ्या सभा हे केवळ कार्यकारिणीचे अपयश नव्हे. जे मैदान आपण पुढच्या पिढीच्या स्वाधीन करणार, त्याची कुदळ पडण्यापूर्वीच सभेला जाऊन चार प्रश्न विचारणे हा अविश्वास नसून सभासदत्वाचा अर्थच आहे.