म्हैसूरचा सयाजीराव रस्ता

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं नाव म्हैसूरच्या भर पेठेतल्या रस्त्याला आहे, एवढ्या कुतूहलापोटी मी के. आर. सर्कलला उतरले. दिवाण पूर्णय्यांचा कालवा पूर्वी इथून जायचा; तो बुजवून त्यावर हा रस्ता झाला. दसऱ्याला सोन्याची अंबारी घेतलेला हत्ती इथूनच बन्नीमंटपाकडे जातो. मला मात्र गुंतवलं ते सर्कलपासून धन्वंतरी रोडच्या नाक्यापर्यंतच्या छोट्या तुकड्यानं, कारण तिथं देवराज मार्केट आहे.

रस्त्याकडच्या गाळ्यांत गुरू स्वीट्स आहे. म्हैसूरपाक पहिल्यांदा करणारे राजवाड्याचे आचारी काकासुर मादप्पा, त्यांच्या वंशजांचं हे दुकान. मार्केटच्या आत नंजनगुडची रसबाळे केळी, विड्याची पानं, कुंकवाचे ढीग. पण पाय थांबले ते फुलांच्या गल्लीत.

एक बाई मल्लिगे, म्हणजे मोगरा, ओवत होत्या. कळ्या जोडीजोडीनं उलटसुलट ठेवायच्या, केळीच्या खोडाच्या भिजवलेल्या धाग्याचा फास टाकायचा, की पुढची जोडी. नजर गिऱ्हाइकावर, बोटं आपल्या कामात. माळ मोजायला पट्टी नाही. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. मोजून झाल्यावर त्या वर चार कळ्या जास्त सोडून मग धागा तोडायच्या. किती वेळ बघत उभी राहिले, कळलं नाही. अशी सफाई शिकवणारी शाळा कुठे नसते. ती अशा गल्लीतच, शेजारी बसून येते.

आणि ही गल्लीच धोक्यात आहे. 2012 मध्ये जवळच्या लॅन्सडाऊन इमारतीचा भाग कोसळून चार जण गेले. 2016 च्या ऑगस्टमध्ये देवराज मार्केटचा उत्तरेकडचा भाग पडला. तेव्हापासून वाद सुरू झाला: दुरुस्त करायचं की पाडून नवं बांधायचं? वारसा जपणारे दुरुस्तीच्या बाजूनं उभे राहिले. महापालिकेनं पाडण्याचा आग्रह धरला. 2023 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं पाडकामाची वाट मोकळी केली.

जीव जाण्याची भीती खोटी नाही. चार माणसं गेलेली आहेत. तरीही मला दुरुस्तीच योग्य वाटते. चुन्यातल्या विटांच्या भिंती चुन्यानंच सांधाव्या लागतात. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि भिंत आतून पोखरते. चुन्याचं काम जाणणारे गवंडी लागतील, वेळही लागेल. मल्लिगे मात्र थांबत नाही, ती रोज पहाटे येते आणि त्याच दिवशी विकावी लागते. म्हणून पाडायचंच ठरलं, तर काम चालू असताना फुलवाल्या कुठे बसणार आणि नव्या इमारतीत त्यांना गाळा कोणत्या भाड्यानं मिळणार, हे पहिली वीट काढण्याआधी त्यांच्या हातात लेखी द्यायला हवं.