धडधड, गोळी आणि झोप : जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात एक मागोवा

चिंता दिवसा मनात असते, रात्री ती शरीरात उतरते. छातीत धडधड होते, तळहातांना घाम सुटतो, पोटात कालवते, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात आणि डोळा लागतो न लागतो तोच दचकून जाग येते. संकटात पळता किंवा लढता यावे म्हणून शरीर ॲड्रेनलिन सोडते. समोर संकट नसताना, नुसत्या उद्याच्या विचारानेही हीच यंत्रणा सुरू होते. झोप लागण्यासाठी नाडी मंदावावी लागते आणि शरीराचे तापमान थोडे उतरावे लागते. चिंतेत ते होत नाही. असा माणूस दवाखान्यात चिंतेची तक्रार क्वचितच सांगतो. ‘जीव घाबरा होतो, झोप नाही’ एवढेच तो म्हणतो. ईसीजीत काही सापडत नाही आणि चिठ्ठीवर रात्रीसाठी एक लहानशी गोळी लिहिली जाते.

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरचे दोन तालुके. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी ही इथली मुख्य वस्ती. घरे पाड्यापाड्यांत विखुरलेली, पावसाळ्यात वाटा तुटणाऱ्या. रात्री दचकणे, छातीवर दाब येणे, अंग थरथरणे ही लक्षणे इथे पिढ्यानपिढ्या भगताकडे नेली गेली आहेत. भगत तांदळाचे दाणे पाहतो, बाधा कुठली ते सांगतो, देवाला कौल लावतो. या उपचारात एक गोष्ट खरीखुरी होती, आणि ती आजही नाकारू नये: घाबरलेल्या माणसाभोवती घरचे आणि शेजारचे लोक रात्रभर बसत. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दोष एखाद्या बाईवर ढकलला गेला की तिला चेटकीण ठरवून छळ होई, आणि हृदयाचा किंवा रक्ताचा आजार असला तर तो तसाच वाढत राही.

रासायनिक औषधांचा इतिहास विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू होतो. १९०३ मध्ये बार्बिटाल आणि १९१२ मध्ये फेनोबार्बिटाल बाजारात आले. या औषधांनी झोप येई, पण झोपेची मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत फार थोडे अंतर होते. भारतात सर्पगंधेची मुळी निद्रेसाठी आणि उन्मादासाठी जुन्या काळापासून वापरात होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर शोधनिबंध लिहिला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील तिचा उपयोग ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. तिच्यातले रेसरपिन पुढे काही वर्षे मनोविकारांसाठी दिले गेले. मात्र त्याने काही रुग्णांना खोल नैराश्य येते असे आढळले आणि ते मागे पडले.

निर्णायक वळण आले ते १९६० मध्ये. हॉफमन-ला रोश कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांच्या प्रयोगशाळेत बाजूला पडून राहिलेल्या एका संयुगातून क्लोरडायझेपॉक्साइड हे औषध निघाले. १९६३ मध्ये डायझेपाम आले, त्यानंतर नायट्राझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम आणि १९८१ मध्ये अल्प्राझोलाम. बेंझोडायझेपिन नावाचे हे कुटुंब मेंदूतील गाबा या शांतवणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते. स्नायू सैल होतात, धडधड उतरते आणि अर्ध्या-एक तासात डोळे जड होतात. एकट्या घेतलेल्या जास्त गोळ्यांनीही सहसा मृत्यू येत नसे, म्हणून डॉक्टरांना ती बार्बिटालपेक्षा बिनधोक वाटली. अनेक वर्षे न झोपलेल्या माणसाला पहिल्या रात्री ही गोळी वरदान वाटते, आणि त्या रात्रीपुरते ते खरेही असते.

या गोळीने येणारी झोप मात्र नैसर्गिक झोपेसारखी नसते. झोप लवकर लागते, मधली जाग कमी होते, पण गाढ झोपेचा आणि स्वप्नांच्या झोपेचा वाटा घटतो. अल्प्राझोलामची रक्तातील पातळी साधारण अकरा तासांत निम्मी होते, क्लोनाझेपामला तीस ते चाळीस तास लागतात, डायझेपामचे अवशेष त्याहूनही रेंगाळतात. सकाळी डोके जड राहते ते यामुळेच, आणि म्हातारी माणसे पहाटे उठताना पडतात तीही यामुळेच. काही आठवड्यांत मेंदू औषधाला सरावतो. मग तीच मात्रा पुरत नाही, आणि गोळी एकदम बंद केली की पूर्वीपेक्षा तीव्र धडधड, थरकाप आणि निद्रानाश उसळतो. दीर्घकाळ मोठी मात्रा घेणाऱ्याला झटकेही येऊ शकतात. रुग्णाला वाटते, आजार परतला. तो पुन्हा गोळी घेतो आणि बरे वाटल्याने त्याची खात्रीच पटते.

सवयीचा हा धोका पाश्चात्त्य देशांत सत्तरच्या दशकात उघड झाला. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने ही औषधे दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत असा सल्ला दिला. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ती मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांत धरली. तरीही ती जनरल डॉक्टरच्या चिठ्ठीवर सहज येत राहिली, अनेकदा नाव न कळताच. पोटदुखी आणि जळजळीच्या काही मिश्र गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड असते, धडधडीच्या काहींत प्रोप्रानोलॉलबरोबर अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असते. आपण चिंतेचे औषध घेतो आहोत हे अशा रुग्णाला वर्षानुवर्षे ठाऊक नसते.

याच काळात मुंबईत वेगळा मार्ग शोधला जात होता, आणि त्याची आठवण मराठी वाचकाने ठेवायला हवी. केईएम रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ एन. एस. वाहिया यांनी १९६०-७० च्या दशकांत पतंजलीच्या योगसूत्रांतील संकल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती चिंताविकारांच्या रुग्णांवर तपासली. तिचे निष्कर्ष परदेशी नियतकालिकांत छापून आले. तिथलेच डॉक्टर के. के. दाते यांनी १९६९ मध्ये रक्तदाबावर शवासनाचा उपयोग दाखवला. अंग सैल सोडणे, श्वास मंद करणे, लक्ष एका ठिकाणी आणणे यांनी शरीरातील धोक्याची घंटा थांबवता येते हा विचार त्यात होता. झोपेसाठीच्या आजच्या वर्तनोपचारात स्नायू सैल सोडण्याची तंत्रे असतात. त्याबरोबर उठण्याची वेळ पक्की ठेवणे, झोप नसताना अंथरुणावर न लोळणे आणि भीतीच्या विचारांची तपासणी करणे हेही असते. अमेरिकेतील डॉक्टरांच्या ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या संघटनेने २०१६ मध्ये जुन्या निद्रानाशासाठी गोळीच्या आधी हाच उपचार द्यावा असे सांगितले. त्याला शिकवणारा माणूस लागतो, आणि डोंगरातल्या पाड्यात तोच मिळत नाही.

मनोरुग्णालय म्हणजे ठाण्याचे, १९०१ मध्ये सुरू झालेले. जव्हारपासून ते सुमारे शंभर किलोमीटर दूर, आणि नाव घेतले तरी लोक बिचकतात. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ चा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांचा हेतू मानसिक उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेण्याचा होता. पण जव्हार-मोखाड्याच्या आरोग्यव्यवस्थेची त्या काळातली कसोटी दुसरीच होती. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली. १९९५ च्या नवसंजीवनी योजनेतून डॉक्टरांची भरारी पथके फिरू लागली. २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंनी राज्य पुन्हा हादरले. पतंगशाह कुटीर रुग्णालय असो वा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय, तिथल्या डॉक्टरसमोर बाळंतीण, सर्पदंश आणि तापाचे मूल आधी येते. ज्या आईचे मूल दगावले तिची झोप हा सरकारी नोंदीचा विषय झाला नाही. हे मोठे अपुरेपण आहे, कारण दुःखाची आणि उपासमारीची रात्र एकच असते.

भात, नागली आणि वरईची कापणी आटोपली की दिवाळीनंतर इथली हजारो कुटुंबे भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. भट्टीजवळच्या मेडिकलमधून सुरू झालेली गोळी गावी परतताना संपली, तर ती बंद होते ती एका दिवसात, कोणाच्याही देखरेखीविना. औषध एकदम तुटण्याचा धोका म्हणूनच स्थलांतरित मजुराला जास्त असतो. दुसरा धोका दारूचा. मोहाची दारू किंवा ताडी आणि ही गोळी मिळून श्वास दाबतात. एकटी गोळी जिथे सहसा जीव घेत नाही तिथे ही जोडी घेऊ शकते. ताडीतही भेसळ असू शकते. तेलंगणात निजामाबाद भागात ताडीत अल्प्राझोलाम आणि क्लोरल हायड्रेट मिसळले जाई. २०१५ मध्ये कारवाईमुळे ती अचानक बंद झाली, तेव्हा कितीतरी माणसे थरकाप, भ्रम आणि झटके घेऊन रुग्णालयांत आली. झोपेचे औषध एकदम तुटले की काय होते ते तिथे गावोगाव दिसले.

१ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड आणि झोल्पिडेम हे झोपेचे औषध औषध नियमांच्या एच-१ अनुसूचीत आहेत. दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे ठेवायची असते.  २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक विकार आढळला, पण सर्वेक्षण झालेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. नोव्हेंबर २०१८ पासून शेजारच्या डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि लोक थंडीत घराबाहेर झोपू लागले. आपल्याच घरात झोपायची भीती काय असते ते या जिल्ह्याने तेव्हा अनुभवले. अशा भीतीवर गोळी हा पहिला उपचार होऊ शकत नाही. आधी सुरक्षित छप्पर आणि खरी माहिती लागते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलीमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक, ती चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलते.

आजची वैद्यकीय समज अशी. धडधडीला चिंता म्हणण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि हृदय तपासावे. जव्हार-मोखाड्यात हे विशेष महत्त्वाचे, कारण बायकांमध्ये रक्तक्षय सर्रास आहे आणि आदिवासी समाजांत सिकलसेलही आढळतो. रक्त कमी असलेल्या बाईला झोपेची गोळी दिली तर आजार तसाच राहून फक्त तक्रार गप्प होते. चिंताविकार ठरला तर मुख्य औषध सेरोटोनिन वाढवणारे, उदाहरणार्थ एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला बेचैनी वाढू शकते. तेवढ्या दिवसांच्या पुलासाठी, कमी मात्रेत, बेंझोडायझेपिन उपयोगी पडते. गरोदरपणात, दम्यासारख्या श्वासाच्या आजारात आणि दारू चालू असताना ते फार जपून द्यावे लागते. जे महिनोन्महिने घेत आहेत त्यांनी ते आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरच्या देखरेखीखाली दर दोन-चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के असे सावकाश उतरवावे.

डॉक्टरांनी अशा चिठ्ठीवर गोळी सुरू करतानाच ती थांबवण्याची तारीख लिहावी, आणि रुग्णाने ती मागून घ्यावी. कामाला गाव सोडताना ती चिठ्ठी आधारकार्डाबरोबर ठेवावी.