मालमोटारीची मागील कमान

दिवाळी सरली कीं धाराशिव जिल्ह्यांत उंसाचा हंगाम सुरू होतो. कळंब, वाशी, परंडा, उमरगा या तालुक्यांच्या शिवारांत कोयते चालूं लागतात आणि पक्क्या सडकेवर धांवणाऱ्या मालमोटारी पाणंदीच्या वाटेनें थेट फडापर्यंत जातात. जिल्ह्याचा बराच भाग बालाघाटच्या डोंगररांगांवर व त्यांच्या उतारांवर वसलेला आहे. कोठें उघडा कातळ, कोठें मुरूम, तर कोठें काळी माती. पावसाळ्यांत या मातींत पडलेल्या चाकोऱ्या पुढें उन्हानें वाळून विटेसारख्या टणक होतात. अशा चाकोरींत भरलेल्या गाडीचें एक मागील चाक उतरलें आणि दुसरें वरच राहिलें, म्हणजे सारा भार एका अंगास कलतो, खालून कट्‌कन आवाज येतो, आणि काय झालें तें चालकास पाहिल्यावांचून समजतें. कमानीचा पाटा तुटलेला असतो.

यानंतरचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. गाडी मिस्त्रीकडे जाते, तुटलेला पाटा निघून नवा बसतो, आणि मालक म्हणतो, "मिस्त्री, आणखी दोन पाटे चढवा, म्हणजे पुन्हां कटकट नको." ही मागणी वरवर पाहतां शहाणपणाची वाटते. परंतु पाटा कां तुटला हें न पाहतां वाढविलेल्या पाट्यांनीं गाडी बळकट होत नाहीं. मोडण्याची जागा तेवढी बदलते, आणि ती नवी जागा पुष्कळदां अधिक धोक्याची असते. हें कसें घडतें तें समजण्यासाठीं प्रथम कमानीची रचना पाहिली पाहिजे.

साध्या बैलगाडीस कमान नसते. दगडावरून चाक गेलें कीं धक्का थेट बसणाऱ्याच्या पाठीस पोंचतो. टांग्यास कमान असते, म्हणून त्यांतला प्रवास सुखाचा. १८०४ सालीं लंडनच्या ओबडाया एलियट या कारागिरानें घोडागाडीची बैठक पोलादी पाट्यांच्या कमानींवर तोलून धरण्याची युक्ति काढली आणि गाड्यांच्या बांधणींत मोठा फरक पडला. पुढें मोटारी निघाल्या, तेव्हां त्यांनीं हीच कमान उचलली. आपल्या शेजारच्या सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. त्या काळापासून आजवर मोटारींचीं यंत्रें कितीतरी पालटलीं, परंतु बहुतेक मालमोटारींच्या मागील आंसावर अजूनही पाट्यांचीच कमान असते. कारण ती स्वस्त आहे, सोपी आहे, आणि खेड्यांतला मिस्त्रीही ती उघडूं शकतो.

या कमानींत लांबीनें उतरत्या क्रमाचे पाटे एकाखालीं एक रचलेले असतात. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याचीं दोन्ही टोकें वाटोळीं वळविलेलीं असून त्या वळणांतून खिळ घालून तो गाडीच्या सांगाड्यास जोडतात. एक टोक जागच्या जागीं राहतें. दुसरें शॅकल नांवाच्या झुलत्या दुव्यास अडकविलेलें असतें, कारण भार पडून कमान सपाट होऊं लागली कीं तिची लांबी किंचित्‌ वाढते व त्या वाढीस वाव लागतो. सर्व पाट्यांच्या मध्यभागीं एक छिद्र असतें आणि त्यांतून मधला बोल्ट, म्हणजे सेंटर बोल्ट, जातो. आंस पुढें-मागें सरकूं न देणें हें त्याचें काम. पाट्यांचा सारा जुडगा आंसावर आवळून धरण्याचें काम मात्र दोन मोठ्या यू-बोल्टांचें असतें. शिवाय पाटे बाजूस पांगूं नयेत म्हणून त्यांस क्लिपा असतात.

आतां तुटलेला पाटा हातीं घेऊन पाहावा. तो स्वतःच आपली हकीकत सांगतो. तुटीचा सर्व भाग चकचकीत असला, तर एकाच मोठ्या धक्क्यानें तो तुटला असें समजावें. परंतु तुटीचा कांहीं भाग काळवंडलेला व गंजलेला आणि उरलेला तेवढाच उजळ असला, तर तडा फार पूर्वीं पडलेला होता. तो हळूहळू वाढत गेला आणि चाकोरीचा धक्का हें केवळ निमित्त झालें. असे तडे सहसा पाट्याच्या पृष्ठभागावरील ओरखड्यापासून किंवा गंजाच्या खळगीपासून सुरू होतात.

तुटीची जागाही तितकीच बोलकी असते. पाटा मधल्या छिद्रापाशीं तुटला असेल, तर दोष बहुधा यू-बोल्टांचा. ते घट्ट असतात तोंवर कमानीचा मधला भाग वांकत नाहीं आणि छिद्रामुळें दुबळी झालेली जागा सुरक्षित राहते. ते सैल पडले कीं तीच जागा रोज हजारों वेळां वांकूं लागते. सेंटर बोल्ट कापला गेला असेल, तर त्याचेंही कारण पुष्कळदां हेंच. मुख्य पाटा टोकाच्या वळणापाशीं तुटला असेल, तर तेथील बुश झिजला आहे कीं काय, शॅकल गंजून जाम झाला आहे कीं काय, तें पाहावें. क्लिपा गळून पडल्या असतील, तर खड्ड्यावरून चाक खालीं लोंबतें त्या क्षणीं आंसाचें सर्व ओझें एकट्या मुख्य पाट्यावर येतें. खालचे पाटे त्याच्या मदतीस येऊं शकत नाहींत. आणि एकाच वेळीं तीन-चार पाटे तुटले असतील, तर मालकानें स्वतःच्या मनासच विचारावें कीं गाडींत माल किती भरला होता.

गाडी रानांतच अडकली असतां काय करावें? प्रथम माल उतरावा. सपाट जागा पाहून चाकांस दगडांची अडण लावावी. जॅकनें सांगाडा उचलला, तरी केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कधींही शिरूं नये. सांगाड्याखालीं भक्कम लांकडी ठोकळे रचल्यावरच शिरावें. मातींत जॅक केव्हां खचेल याचा नेम नसतो, आणि ही चूक दुसऱ्यांदा करण्याची संधि माणसास मिळत नाहीं. खालचा एखादा पाटा तुटला असेल, तर रिकामी गाडी मंद गतीनें जवळच्या गांवापर्यंत नेतां येते. मुख्य पाटा तुटला असेल, तर आंस एका बाजूनें मोकळा झालेला असतो. अशी गाडी साखळीनें आंस जखडून, सांगाड्याखालीं लांकडी ठोकळा बसवून, फार तर सडकेपर्यंत आणावी; येडशीच्या किंवा तुळजापूरच्या घाटांत ती उतरवूं नये.

कांहीं ठिकाणीं तुटलेला पाटा वितळजोड करून पुन्हां बसवितात. ही काटकसर अंगाशीं येते. कमानीचें पोलाद सुमारें ८५० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तेलांत विझवितात, आणि नंतर सुमारें ४०० ते ५०० अंशांवर पुन्हां तापवून त्याचा ठिसूळपणा घालवितात. या दोन क्रियांनीं त्यास लवचिकपणा येतो. जोडाच्या उष्णतेनें तें सारें नाहींसें होतें. जोडाशेजारचा भाग कांचेसारखा ठिसूळ आणि त्यापलीकडचा मऊ बनतो. सुटलेला बाक परत आणण्यासाठीं पाटा भट्टींत लाल करून ठोकणें हेंही याच जातीचें. पाटा बदलावाच लागतो.

नवा पाटा बसवितांना कमान पूर्ण उघडून प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशानें घांसावा व निरखावा. एका बाजूची कमान थकून बसलेली असेल, तर दोन्ही बाजूंच्या कमानी बरोबरच कराव्या. नाहीं तर गाडी एका अंगावर चालते. सेंटर बोल्ट नवा घालावा. यू-बोल्टही नवे घ्यावे, कारण एकदां ताणलेल्या बोल्टाचें आटे पूर्ववत्‌ राहत नाहींत. त्यांचे चारही नट आळीपाळीनें, तिरपे क्रम धरून, थोडे थोडे आवळावे. यानंतरचें काम बहुतेक विसरलें जातें. पहिली भरलेली फेरी झाली कीं पाटे एकमेकांवर बसतात आणि बोल्ट आपोआप सैल पडतात. म्हणून त्या फेरीनंतर, आणि पुन्हां कांहींशें किलोमीटरांनीं, ते परत आवळलेच पाहिजेत. शेवटीं पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर दोन्ही बाजूंनीं मोजावें. तें सारखें नसेल, तर आंस तिरपा बसला आहे. गाडी खेंकड्यासारखी चालेल आणि टायर झिजतील.

आतां बळकटीचा प्रश्न. पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. १० मिलिमीटर जाडीच्या पाट्याऐवजीं १२ मिलिमीटरचा घातला, तर तो जवळजवळ पावणेदोनपट कडक होतो. परंतु सर्व पाट्यांना वांकावें लागतें बरोबरच, आणि तितकेंच वांकतांना जाड पाट्याच्या पृष्ठभागावर ताण अधिक पडतो. त्यामुळें जुडग्यांत बळेंच घुसविलेला जाड पाटाच पुष्कळदां सर्वांआधीं तुटतो. वाढवावयाचाच असेल तर पाटा मूळच्याच जाडीचा व बाकाचा, उतरत्या लांबींत बसणारा असावा, आणि दोन्ही बाजूंस एक-एक असावा. त्याहून बरा उपाय हेल्पर पाट्यांचा. ते मुख्य कमानीच्या वर असतात आणि गाडी भरली तेव्हांच टेकतात. रिकामी गाडी मऊच राहते. रबरी ठोकळे व शॉकॲबसॉर्बर शाबूत असले, तर निम्म्याहून अधिक धक्का तेथेंच जिरतो असा अनुभवी चालकांचा समज आहे, आणि तो अगदींच निराधार नाहीं.

याउलट पाट्यांचा भारा रचला, तर कमान लवत नाहीं. जो धक्का तिनें सोसावयाचा तो सांगाड्याच्या रिव्हिटांवर, कमानीच्या आधारांवर, आंसावर आणि चाकाच्या बेअरिंगांवर जातो. पाटा तुटला तर आवाज येतो आणि गाडी बसते. सांगाड्यास पडलेला तडा मात्र चिखलाखालीं महिनोन्महिने दडून राहतो. शिवाय पाटे वाढले म्हणून ब्रेक वाढत नाहींत, टायर वाढत नाहींत. केंद्र सरकारनें २०१८ सालीं चार टायरांच्या एकेरी आंसावरील भाराची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. परंतु प्रत्येक गाडीचें मान्य वजन तिच्या नोंदणीच्या कागदांत लिहिलेलें असतें, आणि मिस्त्रीनें पाटे चढविल्यानें तो आंकडा बदलत नाहीं.

एवढी दक्षता कशासाठीं, असें कोणी विचारील. हंगाम थोड्या महिन्यांचा. गाडीवर बहुधा कर्ज असतें. उभी गाडी रोज तोटा करते. परंतु ऊंस उतरून परतणाऱ्या किंवा एका फडावरून दुसऱ्या फडावर जाणाऱ्या गाडींत पुष्कळदां तोडणीचे मजूर, त्यांच्या बायका आणि मुलेंही बसलेलीं असतात. मान्य नसतांही हें घडतें. मुख्य पाटा घाटांत तुटून आंस सरकला, तर त्या वेळीं हिशेब पैशाचा राहत नाहीं. म्हणून हंगामांत दर आठवड्यास एकदां, गाडी धुतल्यावर, दिवा घेऊन कमानीखालीं पाहावें. पाट्यांवर गंजाची बारीक रेघ दिसते काय, नटाशेजारीं चकाकी आली आहे काय, शॅकल हलतो काय, हें तपासावें. या कामास अर्धा तास पुरतो, आणि पान्ह्याशिवाय दुसरें हत्यार लागत नाहीं.