मामूची शिट्टी

कुळगावात शालेय कबड्डीला पंच म्हणून उभा राहणार, तोच एका संघातून हाक आली, "मामू!" सख्खा भाचा. मी शिट्टी परत केली. संयोजक म्हणाले, "कविराज, तुमच्यावर विश्वास आहे." पण समोरच्या पोरांना तो कुठून असावा? रेषेला पाय लागला की नाही, हे क्षणात ठरते. खरा निर्णयही मग नात्याच्या तराजूत जातो.

इम्रान खानच्या आग्रहाने १९८६ साली लाहोरच्या पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीला आपल्या ठाण्याचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी पंच होते. घरच्या पंचांमुळे जिंकले, असे कुणी म्हणू नये म्हणून.

तेव्हा नाते, आपली शाळा, शिकवणीची मुले, जे असेल ते नाणेफेकीआधीच सांगावे आणि बाजूला व्हावे.

भाचा जिंकला. तो विजय मामूचा, असे कुणी म्हटले नाही.